मेलबर्नमधली परसबाग आणि सुट्टीचे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी किंवा आग्नेयेला क्रॅनबर्न, पाकनम या बाजूला नव्या घरात राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. महिने आणि अंतरं मेलबर्नची आहेत. सिडनीत थंडी कमी आणि ब्रिस्बेनमध्ये तर कढीपत्ता तण म्हणून माजतो, तेव्हा हे वेळापत्रक तिकडे जसंच्या तसं लावू नका.

बाग सुरू करण्याआधी पहिली गोष्ट कोणती बघायची?

दिशा. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. पूर्व-पश्चिम तीच राहते, पण दुपारचं ऊन उत्तरेचं. त्यामुळे भारतातल्या पुस्तकातला किंवा व्हिडिओमधला ‘दक्षिणेकडची बाल्कनी चांगली’ हा सल्ला इथे उलटा वाचायचा.

हिवाळ्यात हे फार जाणवतं. २१ जूनच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर असतो. त्या वेळी १.८ मीटर उंचीच्या फेन्सची सावली सव्वातीन मीटर लांब पडते. म्हणजे अंगणाच्या उत्तर हद्दीवरच्या फेन्सला चिकटून वाफा केलात, तर मे ते ऑगस्ट तिथे ऊन येणारच नाही. वाफा दक्षिणेकडच्या फेन्सच्या पुढ्यात, उत्तरेला तोंड करून घ्या. जून-जुलैमध्ये एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीन वाजता अंगणाचा फोटो काढून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या तीन फोटोंवर घेता येतात.

कोणत्या महिन्यात काय पेरायचं?

सप्टेंबर ते नोव्हेंबर वसंत, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, मार्च ते मे शरद, जून ते ऑगस्ट हिवाळा. पावसाळा असा वेगळा ऋतू नाही. पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आणि पश्चिमेच्या उपनगरांत पूर्वेपेक्षा बराच कमी.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, मटार, लसूण, कोबी-फ्लॉवर ही थंडीची मंडळी मार्च-एप्रिलमध्ये जमिनीत गेली पाहिजेत. मे उलटला की बी उगवतं, पण रोप ऑगस्टपर्यंत बोटभरच राहतं. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, दुधी, घेवडा ही उन्हाळ्याची. त्यांची बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरात खिडकीपाशी ट्रेमध्ये लावायची आणि रोपं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये बाहेर काढायची. भेंडीला माती २० अंशांच्या वर लागते. तिला नोव्हेंबरच्या आधी बाहेर ठेवून काहीही मिळत नाही.

नव्या घराची माती दगडासारखी आहे. काय करायचं?

पश्चिमेकडचा भाग जुन्या ज्वालामुखीच्या लाव्हाच्या पठारावर आहे. खाली बेसॉल्ट, वर जड चिकणमाती. दख्खनच्या काळ्या मातीची ही लांबची बहीण म्हणायला हरकत नाही: ओली झाली की बुटाला किलोभर चिकटते, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात बिल्डरने वर पसरलेला चांगल्या मातीचा थर बहुतेक वेळा वीतभरही नसतो आणि त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंट, पट्ट्या सापडतात.

आधी एक सोपी चाचणी करा. वाळलेल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. हलवू नका. चोवीस तासांत खड्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर जिप्सम या खनिज भुकटीचा उपयोग होईल. दर चौरस मीटरला साधारण किलोभर जिप्सम पसरून वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये मिसळा. ढग आला नाही, खडा नुसताच फुटून बसला, तर जिप्समवर पैसे घालवू नका, कंपोस्टच घाला. खरं तर कंपोस्ट दोन्ही वेळा लागतंच, आणि एकदा घालून भागत नाही: दरवर्षी शरदात ५ सेंटिमीटरचा थर, तीन वर्षं.

चिकणमाती ओली असताना खणू नका. मूठभर माती दाबा, मग अंगठ्याने टोचा. भुगा झाला तर खणण्याजोगी, पेढ्यासारखी दबली तर थांबा. ओल्या मातीत फावडं चालवलं की ती विटेसारखी घट्ट होते आणि मग वर्षभर पाणी वरच साचतं. वाळू मिसळायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका, थोडी वाळू आणि चिकणमाती यांचं मिश्रण काँक्रिटच्या दिशेने जातं.

खोल खणायचं असेल (झाड, पर्गोला, फेन्सचा खांब) तर आधी ‘बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया’ या मोफत सेवेवर पत्ता टाकून गॅस, वीज, पाणी, इंटरनेटच्या वाहिन्यांचे नकाशे मागवून घ्या.

उंच वाफा करायचा आहे. माती किती लागेल?

नेहमीचा वाफा २.४ मीटर लांब, १.२ रुंद, ४० सेंटिमीटर उंच असतो. गुणाकार केला तर १.१५ घनमीटर. माती बसते, म्हणून १.३ मागवा. १.२ पेक्षा रुंद करू नका. मधल्या भाजीपर्यंत दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे भाड्याच्या ट्रेलरमधून माती आणणं. अर्धा घनमीटर ओली माती ६०० ते ७०० किलो भरते. ब्रेक नसलेल्या छोट्या ट्रेलरला स्वतःच्या वजनासकट ७५० किलोची मर्यादा आहे, आणि रिकामा ट्रेलरच दोनशेच्या पुढे असतो. म्हणजे अर्धा घनमीटर भरला की तुम्ही मर्यादेबाहेर. घरपोच टिपर मागवा, ताडपत्री अंथरून ठेवा आणि शेजारच्यांना आदल्या दिवशी सांगा.

लाकूड वापरणार असाल तर त्यावरचं लेबल वाचा. ‘सीसीए’ प्रक्रिया केलेल्या पाइनमध्ये आर्सेनिक असतं. भाजीच्या वाफ्याला ते नको. गॅल्व्हनाइज्ड किंवा रंगीत पत्र्याचे तयार वाफे सोपे पडतात.

वाफा घराच्या भिंतीला टेकवू नका. विटांच्या भिंतीत खालच्या बाजूला ठरावीक अंतरावर उभ्या फटी सोडलेल्या असतात, त्या हवा आणि ओल बाहेर जाण्यासाठी. माती चढवून त्या बुजवल्या की भिंतीत ओल आणि वाळवी, दोन्हींना दार उघडं. शिवाय ही चिकणमाती ओली-कोरडी होताना फुगते-आकसते, त्यामुळे पायाला लागून रोज पाणी घालणं घरालाही चांगलं नाही.

पॉटिंग मिक्सच्या पिशवीवर एवढी धोक्याची सूचना का असते?

कुंड्या भरायच्या या तयार मिश्रणात लिजिओनेला नावाचा जिवाणू असू शकतो. धूळ नाकात गेली तर न्यूमोनिया होतो, वयस्कर माणसांना आणि दमेकऱ्यांना धोका जास्त. पिशवी बंद गॅरेजमध्ये नाही, मोकळ्या हवेत, तोंड लांब ठेवून कापा. हातमोजे आणि मास्क घाला, आधी पाणी शिंपडून धूळ बसवा, नंतर हात धुवा. गावाहून आलेले आजी-आजोबा हौसेने कुंड्या भरायला बसतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

विकत घेताना लाल टिक असलेली प्रीमियम पिशवी घ्या. स्वस्तातल्या मिक्समध्ये अर्धवट कुजलेली साल असते. ती कुजताना नत्र खाते आणि रोप पिवळं पडतं.

कढीपत्ता हिवाळ्यात मरतो. काय चुकतं?

बहुतेकदा तो मेलेला नसतो. रात्रीचं तापमान दहाच्या खाली गेलं की पानं पिवळी पडून गळतात आणि झाड सप्टेंबरअखेरपर्यंत काडी होऊन उभं राहतं. नखाने साल थोडी खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. या काळात लोक घाबरून जास्त पाणी आणि खत घालतात, आणि झाड मरतं ते त्यामुळे. थंड, ओल्या मातीत मुळं कुजतात. जून ते ऑगस्ट वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी, खत अजिबात नाही.

मेलबर्नमध्ये कढीपत्ता कुंडीत ठेवणंच शहाणपणाचं. ३० सेंटिमीटरच्या कुंडीपासून सुरुवात करून दोन-तीन वर्षांनी ४० ची घ्या. उत्तरेला तोंड असलेल्या विटांच्या भिंतीपाशी ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. दंव पडायचा अंदाज असेल त्या रात्री पॅटिओच्या छपराखाली सरकवा किंवा वर जुनी चादर टाका. चादर पानांना चिकटू न देता काठ्यांवर ठेवा, सकाळी काढा.

ऑक्टोबरमध्ये नवी फूट दिसली की शेंडे खुडा, वरची थोडी माती बदला आणि दर दोन आठवड्यांनी द्रवखत द्या. फोडणीसाठी एकेक पान ओरबाडण्यापेक्षा फांदीचा शेंडाच कापून घ्या, तिथून दोन-तीन नव्या फुटतात. फुलोरा आला तर काढून टाका. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आयर्न किलेट पाण्यातून द्या.

ताक घालावं का, हा प्रश्न ठरलेला. पातळ ताकाने उन्हाळ्यात बिघडत काही नाही. हिवाळ्यात झाड खातच नाही, तेव्हा ते ताक उंदरांना आमंत्रण ठरतं. आमच्या मते ताक प्यावं.

आणि रोप घेताना नाव नीट बघा. नर्सरीत ‘करी प्लांट’ नावाचं करड्या, सुईसारख्या पानांचं, पिवळ्या फुलांचं झुडूप मिळतं. वास करीसारखा येतो, पण तो कढीपत्ता नाही. तुम्हाला हवं ते ‘करी लीफ ट्री’. नुसतं ‘मुराया’ नावाचं कुंपणाचं झाडही सगळीकडे असतं. ती आपली कुंती, जवळची नातेवाईक, पण फोडणीला निरुपयोगी.

कोथिंबीर लगेच फुलावर का जाते?

ऊन आणि लांब दिवस. डिसेंबरात मेलबर्नचा दिवस पावणेपंधरा तासांचा असतो, पुण्याच्या सर्वांत मोठ्या दिवसापेक्षाही दीड तास जास्त. कोथिंबिरीला तो बी धरण्याचा इशारा वाटतो. मार्च ते मे आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरा. धणे लाटण्याने हलके दाबून दोन भाग करा, सेंटिमीटरभर खोल, थेट वाफ्यात. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात. ट्रेमध्ये वाढवून रोपं हलवू नका, सोटमूळ दुखावलं की ती लगेच फुलावर जातात. सुपरमार्केटमधल्या कुंडीतली कोथिंबीर जमिनीत लावली की टिकत नाही तीही याचमुळे. दर तीन आठवड्यांनी हातभर ओळ पेरत राहिलात तर जुडी विकत आणायची वेळ कमी येते.

बी ‘स्लो बोल्ट’ (उशिरा फुलावर जाणारं) लिहिलेल्या पाकिटातलं घ्या. किराणा दुकानातले धणे-मेथी खाण्यासाठी म्हणून आयात झालेले असतात, पेरण्यासाठी नव्हे. मेथीचं बी ‘फेनुग्रीक’ नावाने मिळतं.

कोंब दिसले आणि दुसऱ्या दिवशी गायब झाले, तर चोर गोगलगाय. रात्री नऊला टॉर्च घेऊन बाहेर या, वीस-तीस सहज सापडतील. गोळ्या टाकायच्याच असतील तर लोहावर आधारित घ्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात.

टोमॅटोची रोपं ‘कप डे’ला लावतात म्हणजे कधी?

मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी असते. तोवर माती पुरेशी तापते आणि दंवाची भीती संपते, म्हणून जुन्या माणसांनी तो दिवस धरला. ऑक्टोबरच्या पहिल्या उन्हाला भुलून लावलेली रोपं थंड मातीत नुसती उभी राहतात. नोव्हेंबरमध्ये लावलेली त्यांना गाठतात.

खालची पानं काढून रोप अर्ध्यापर्यंत मातीत गाडा, खोडाला मुळं फुटतात. दोन रोपांत ६० सेंटिमीटर, आणि आधाराची काठी त्याच दिवशी ठोका. नंतर ठोकलीत तर मुळं तुटतात. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो रोग नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब अशा पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. दिवसाआड खोल पाणी आणि ५-७ सेंटिमीटर पी-स्ट्रॉचं (मटारच्या वाळलेल्या काडाचं) आच्छादन, एवढा त्यावर उपाय. आच्छादन खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

पिकत आलेल्या टोमॅटोत अळ्या निघाल्या तर क्वीन्सलँड फळमाशी. अशी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मग कचऱ्यात.

गणपतीला दूर्वा आणि दसऱ्याला झेंडू घरचे मिळतील का?

दूर्वा तुमच्या पायाखाली असू शकतात. इथे ‘काउच’ नावाने लॉनसाठी विकतात ते गवत म्हणजे आपली हरळी. अडचण वेळेची आहे. गणेशचतुर्थी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये येते आणि तेव्हा काउच थंडीने पिवळं पडून झोपलेलं असतं. म्हणून मार्चमध्ये लॉनमधून गड्डा काढून कुंडीत लावा आणि मे महिन्यापासून उत्तरेच्या खिडकीत, काचेच्या आत ठेवा. जुलैच्या मध्यात बोटभर ठेवून कापा. चतुर्थीपर्यंत तीन पात्यांचे कोवळे तुरे येतात. तणनाशक किंवा ‘वीड अँड फीड’ खत मारलेल्या लॉनमधला गड्डा घेऊ नका. लॉन किकुयू किंवा बफेलोचं असेल तर त्यात दूर्वा नाहीत, पातं रुंद दिसलं की ओळखा.

झेंडू कठीण. दसरा इथे वसंताच्या सुरुवातीला पडतो आणि फ्रेंच झेंडूलाही बी ते फूल आठ-दहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. जुलैमध्ये घरात उबदार जागी बी लावून काही फुलं मिळतात, तोरणापुरती मिळत नाहीत. तोरणाची फुलं विकत आणा. घरचा झेंडू दिवाळीनंतर भरात येतो आणि एप्रिलपर्यंत पुरतो.

तुळस इथे एका वर्षाचं झाड समजा. मंजिऱ्यांचं बी मार्चमध्ये काढून ठेवा, सप्टेंबरमध्ये घरात पेरा. जुनी कुंडी हिवाळ्यात आत घेतलीत तर उत्तरेच्या खिडकीपाशी, हीटरच्या वाऱ्यापासून लांब.

शेजारच्या बागेतल्या मोठ्या पानांची अळूवडी होईल का?

नाही. ‘एलिफंट इअर’ म्हणून शोभेला लावलेली बरीच झाडं अलोकेशिया कुळातली असतात आणि विषारी असतात. आपल्या अळूचा देठ पानाच्या काठाला नाही, पोटात आतल्या बाजूला जोडलेला असतो आणि पान खाली लोंबतं. पण नुसत्या रूपावर विसंबू नका. खाण्याचे कंद आणून लावा, ऑक्टोबरमध्ये, अर्धवट सावलीत, ओल राहील अशा जागी. हिवाळ्यात पानं जातील, कंद खाली राहतात.

पॉसम आणि पक्षी काही ठेवत नाहीत. जाळी कशी लावायची?

मेलबर्न ज्या राज्यात येतं त्या व्हिक्टोरियात पॉसमला (रात्री झाडांवर फिरणारा, पानं-फळं खाणारा प्राणी) संरक्षण आहे. मारणं, विष घालणं, पकडून लांब नेऊन सोडणं यातलं काहीही करता येत नाही. लसूण, तिखट, मिरे यांचे फवारे दोन रात्री चालतात.

जाळीला नियम आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं भोक पूर्ण ताणल्यावर ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही, कारण मोठ्या भोकांत वटवाघळं आणि पक्षी अडकून मरतात. दुकानात करंगळी घालून बघा. बोट आरपार गेलं तर ती जाळी घेऊ नका. फळं धरल्यावर जाळी सांगाड्यावर ताणून बसवा, खालची कड जमिनीला विटांनी दाबा. झाडावर नुसती फेकलेली सैल जाळी सर्वांत वाईट.

लिंबाच्या फांद्यांवर गाठी आल्या आहेत.

सिट्रस गॉल वास्प. ही बारीक गांधीलमाशी कोवळ्या फांदीत अंडी घालते आणि फांदी त्याभोवती सुजते. ऑगस्ट संपायच्या आत गाठी कापा. खूप असतील तर सगळ्या फांद्या छाटण्यापेक्षा भाजीच्या सोलाण्याने गाठीची एक बाजू सोलून काढा. आतल्या अळ्या वाळतात. गाठीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील तर माश्या उडून गेल्या, आता कापण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात नत्रयुक्त खत देऊ नका, वसंतात येणारी लुसलुशीत फूट त्यांना बोलावते.

खोडाच्या कलमाच्या जोडाखालून तीन-तीन पानांची काटेरी फूट आली तर ती मूळ खुंटाची. लगेच तोडा, नाही तर दोन वर्षांत लिंबू मरून खुंटच उरतो.

पाणी कधी घालता येतं? आणि जांभळा नळ कसला?

हातात धरायच्या, टोकाला ट्रिगर असलेल्या, न गळणाऱ्या नळीने कधीही. स्प्रिंकलर आणि ठिबक संध्याकाळी ६ ते सकाळी १० या वेळात. दुष्काळात नियम कडक होतात.

काही नव्या वसाहतींत पुनर्वापराच्या पाण्याची वेगळी जांभळी वाहिनी असते. ते ‘क्लास ए’ पाणी बागेला, भाजीलाही, चालतं. भाजी मात्र नेहमीच्या पाण्याने धुवायची. प्यायला, स्वयंपाकाला, मुलांच्या पूलमध्ये किंवा स्प्रिंकलरखाली खेळायला नाही. त्यात क्षार पिण्याच्या पाण्याहून जास्त असतात, म्हणून कुंड्यांना महिन्यातून एकदा साध्या पाण्याने भरपूर निचरा होईल असं धुवून काढा.

४० अंशांचा दिवस आला तर?

उत्तरेचं गरम वारं सुटतं. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये ४६.४ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी भर दुपारी पाणी घालण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी आणि पहाटे मुळाशी खोल पाणी द्या. ५० टक्के सावली देणारं शेडक्लॉथ वाफ्यावर लावा, कुंड्या पूर्वेकडच्या बाजूला एकत्र सरकवा, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आधी. दुपारी मान टाकलेली पानं संध्याकाळी उठतात. लगेच घाबरून पाणी ओतू नका. मग नैर्ऋत्येकडून ‘कूल चेंज’ येतो आणि पारा तासाभरात दहा-पंधरा अंश उतरतो. तो वारा काठ्या आणि शेडक्लॉथ उडवतो, तेव्हा बांधणी आधीच घट्ट करा.

आई-बाबा भारतातून येताना बियाणं किंवा रोप आणू शकतात का?

आणू नका. बी, रोप, कंद, ताजी पानं, फुलांचे हार, माती यांवर कडक बंधनं आहेत. ताज्या कढीपत्त्याबाबत विशेष काळजी घेतली जाते, कारण त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा किडा येऊ शकतो. चुकून पिशवीत काही राहिलं असेल तर विमानात भरायच्या कार्डावर ‘हो’ लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूला दंड होतो. विमानतळावर घेतलं जाईल म्हणून वाईट वाटू नये अशा बेताने पिशव्या भरायला सांगा.

निर्माल्य आणि शाडूची मूर्ती?

ओढ्यात किंवा समुद्रात नको. दोरा, जरी, प्लॅस्टिक काढून फुलं कंपोस्टमध्ये किंवा हिरव्या झाकणाच्या बिनमध्ये. बिनमध्ये खरकटं चालतं की नाही, ते कौन्सिलप्रमाणे बदलतं. शाडूची बिनरंगी मूर्ती बादलीत विरघळवून झाडांना घालता येते, पण पश्चिमेकडे राहत असाल तर चिकणमातीत आणखी चिकणमाती घालताय हे लक्षात असू द्या. रंगवलेल्या मूर्तीचं पाणी भाजीला नको.

साप, कोळी?

कुंड्या, विटा, मुलांची बाहेर पडलेली सायकल उचलताना हातमोजे घाला. पाठीवर लाल पट्टा असलेली रेडबॅक कोळीण तिथेच राहते. चावली तर बर्फाची पिशवी ठेवा, घट्ट पट्टी बांधू नका, १३ ११ २६ या विष-माहिती क्रमांकावर विचारा. साप चावला तर उलट: जखम धुवू नका, पूर्ण हातापायावर दाबपट्टी घट्ट गुंडाळा, माणसाला हलू देऊ नका, ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. ओढ्याजवळ घर असेल तर गवत कापलेलं आणि लाकडांचा ढीग घरापासून लांब ठेवा.

सुट्टीत मुलांना कुठे, केव्हा न्यायचं?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सिल्व्हनला ट्युलिप. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत यारा व्हॅलीत झाडावरून चेरी तोडायला, उन्हाळ्यात मॉर्निंग्टन द्वीपकल्पात स्ट्रॉबेरी. एप्रिल-मे मध्ये माउंट मॅसिडन आणि डँडेनाँगच्या डोंगरात रंग बदललेली पानं. बेलग्रेव्हहून निघणारी पफिंग बिली ही वाफेची छोटी गाडी १९०० पासूनच्या रुळांवर धावते; सुट्ट्यांत आधी तिकीट काढा. शहरातलं १८४६ चं रॉयल बोटॅनिक गार्डन मात्र केव्हाही, आणि फुकट.

ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेर अतिनील निर्देशांक ३ च्या वर जातो, ढगाळ दिवशीसुद्धा. आपण सावळे म्हणून सनस्क्रीन नको, हा गैरसमज सोडा. एसपीएफ ५० प्लस, बाहेर पडण्याआधी २० मिनिटं, दर दोन तासांनी पुन्हा. समुद्रावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. ऑल्टोना, विल्यम्सटाउनसारख्या खाडीच्या किनाऱ्यांवर मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नका, गटारांचं पाणी तिथेच येतं.

पार्कातल्या बार्बेक्यूवर शाकाहारी स्वयंपाक कसा करायचा?

बटण दाबलं की विजेचा पत्रा तापतो आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, पुन्हा दाबायचं. त्यावर आधी मांस भाजलेलं असणार. घरून उलथनं, कागदी रुमाल आणि जाड फॉइल न्या. पत्रा पुसून फॉइलचे दोन थर घाला, मधलं तेल निथळायचं भोक मात्र उघडं ठेवा. कणीस, पनीर, रताळ्याच्या चकत्या छान होतात. थालीपीठ त्यावर थापू नका, पत्रा एकसारखा तापत नाही आणि मध्ये कच्चं राहतं. घरून अर्धं भाजून न्या.

उन्हाळ्यात निघण्याआधी आग-वादळाच्या सूचना देणारं ‘विकइमर्जन्सी’ अॅप बघा. ‘टोटल फायर बॅन’ असेल तर कोळसा-लाकडाचा विस्तव कुठेच पेटवता येत नाही. वास्तुशांतीचा होम अंगणात करायचा बेत असेल तर तोही त्या दिवशी बंद. गुरुजींशी बोलतानाच पर्यायी तारीख ठरवून ठेवा. आगीचा धोका ‘कॅटास्ट्रॉफिक’ असेल तर डोंगर-जंगलाकडे जाऊच नका.

ॲडलेडला गाडीने जाताना घरचे टोमॅटो नेले तर चालतील का?

नाही. फळमाशीमुळे साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत ताजी फळं आणि फळभाज्या नेता येत नाहीत. मिल्ड्युराकडून गेलात तर याम्बा इथे गाडी थांबवून तपासतात; वेस्टर्न हायवेने गेलात तर रस्त्याकडेला टाकायचे बिन असतात आणि अचानक तपासणीही होते. डब्यातली शिजलेली भाजी, पोळ्या, ठेपले चालतात. विसरतात ते पोह्यांसाठी बरोबर घेतलेल्या हिरव्या मिरच्या आणि दाराच्या कप्प्यात राहिलेलं अर्धं लिंबू.